हात आत का जातो? मशीनवरचे अपघात टाळण्याचा टप्प्याटप्प्याने आराखडा

कारखान्यात कुणाचं बोट गेलं, हात अडकला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लक्ष कुठं होतं त्याचं?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी पुढचा अपघात टळत नाही. शिफ्टभर एकच हालचाल हजारो वेळा करणाऱ्या माणसाचं लक्ष कधी ना कधी हलणारच. विचारायचे प्रश्न दोन आहेत. हात आत का गेला? आणि हात आत असताना मशीन चालू शकलं कसं?

पुढचं सगळं याच दोन प्रश्नांना धरून लिहिलं आहे. वाचणारा सुपरवायझर असो, मेंटेनन्सचा फिटर असो, सुरक्षा समितीतला कामगार असो की लहान युनिटचा मालक, उद्या एका मशीनपासून काम सुरू करता यावं एवढा तपशील देण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिली पायरी: हात आत जाण्याच्या प्रसंगांची यादी

बहुतेक कारखान्यांत मशीनवार चेकलिस्ट असते. गार्ड आहे? हो. इमर्जन्सी बटण आहे? हो. खाली सही. पण हात अडकतो तो बहुतेकदा या चेकलिस्टमध्ये नसलेल्या क्षणी: अडकलेला जॉब (मशीनवर घडवला जाणारा तुकडा) काढताना, डाय (आकार देणारा साचा) बसवताना, फिरता रोल पुसताना, सेन्सरवरची धूळ बोटानं झटकताना, दुरुस्तीनंतर "जरा फिरवून बघू" म्हणून गार्ड उघडा ठेवून मशीन चालवताना.

म्हणून एक मशीन निवडा, वही घ्या आणि तिथं उभे राहा. हात, डोकं किंवा अंग धोक्याच्या जागेत गेलं की प्रत्येक वेळी नोंद करा: कशासाठी गेलं, त्या वेळी आत काय हलत होतं किंवा हलू शकत होतं, मशीन बंद केलं होतं का, आणि नसेल तर का नाही. दिवसपाळीवर थांबू नका. रात्रपाळीत मेंटेनन्सची माणसं कमी असतात, त्यामुळे ऑपरेटर स्वतःच जाम काढतो. खरी यादी तिथं मिळते. ऑपरेटरला "सुरक्षित काम करता ना?" असं विचारलं तर उत्तर "हो" हेच येणार. त्याऐवजी "हे मशीन शिफ्टमध्ये किती वेळा अडकतं आणि तुम्ही ते कसं सोडवता?" असं विचारा. तो हातानं करून दाखवेल, आणि त्यातच सगळं कळेल. मात्र या माहितीवरून कुणालाही मेमो मिळणार नाही, हे आधी स्पष्ट सांगा आणि पाळा. एकदा शब्द मोडला की पुढं कुणी काही सांगणार नाही.

पाहताना चार प्रकारच्या जागा नजरेत ठेवा. पहिली, आत ओढणारी: दोन रोल समोरासमोर आतल्या बाजूला फिरतात ती फट, पट्टा पुलीवर चढतो ती कड, साखळी आणि स्प्रॉकेट. दुसरी, चेपणारी: प्रेसचा रॅम (वरून खाली येऊन दाबणारा भाग), क्लॅम्प, सरकतं टेबल आणि भिंत यांच्यामधली जागा. तिसरी, कापणारी. चौथी, फेकणारी: फुटलेलं ग्राइंडिंग चाक, चकमध्ये विसरलेली चावी, नीट न धरलेला जॉब. गुळगुळीत, निरुपद्रवी दिसणारा शाफ्टसुद्धा बाही, केस किंवा हातमोज्याचा धागा गुंडाळून घेतो. त्यामुळे लेथ आणि ड्रिलवर फिरत्या भागाजवळ हातमोजे घालायचे नाहीत, आणि अंगठी, कडं कुठल्याही मशीनवर नको. बुरा (कापलेल्या धातूचे छिलके) हातानं ओढायचा नाही. मशीन थांबवून ब्रश किंवा आकडा वापरायचा.

चेपणाऱ्या जागांसाठी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) १३८५४ या मानकात किमान मोकळं अंतर दिलेलं आहे: बोटासाठी २५ मिमी, हाताच्या पंजासाठी १०० मिमी, दंडासाठी १२० मिमी, डोक्यासाठी ३०० मिमी आणि पूर्ण शरीरासाठी ५०० मिमी. हलता भाग सगळ्यात जवळ येतो तेव्हाही एवढी जागा उरत असेल तर तो अवयव तिथं चेपला जात नाही.

दुसरी पायरी: आत जाण्याचं कारणच काढून टाका

यादी हातात आली की लगेच गार्डची ऑर्डर देण्याचा मोह होतो. थांबा. आयएसओ १२१०० मध्ये उपायांचा क्रम ठरवून दिला आहे: आधी रचनेतूनच धोका काढा, ते जमत नसेल तिथं गार्ड आणि संरक्षक उपकरणं लावा, आणि त्यानंतरही उरलेल्या धोक्याबद्दल सूचना द्या, प्रशिक्षण द्या. कारखान्यांत हा क्रम बरोब्बर उलटा चालतो. फलक सगळ्यात स्वस्त असतो म्हणून तो सगळ्यात आधी लागतो.

पॅकिंग लाइनवर खोका वाकडा येऊन अडकत असेल तर गाइड रेल नीट करणं हे सुरक्षेचंच काम आहे. ग्रीस निपल आत असेल तर नळी काढून ती गार्डच्या बाहेर आणा. सेन्सर वारंवार घाण होत असेल तर त्याची जागा बदला. प्रेसमधून छोटे जॉब हातानं उचलले जात असतील तर चिमटा, चुंबक, व्हॅक्युम कप किंवा सरकतं फिक्स्चर द्या, म्हणजे बोटं डायच्या खाली जाणारच नाहीत. शिफ्टमध्ये वीसदा अडकणारं मशीन दोनदाच अडकू लागलं, तर त्यामागचे अठरा धोके कुठलाही गार्ड न लावता गेले. माझ्या मते सुरक्षेवरचा पैसा सगळ्यात आधी इथं खर्च व्हावा. शिवाय उत्पादन वाढतं, त्यामुळे मालकाला पटवणंही सोपं जातं.

तिसरी पायरी: गार्ड, पण अंतर मोजून

धोकादायक यंत्रभाग झाकण्याची सक्ती ब्रिटनच्या १८४४ च्या कारखाना कायद्यात आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६३ च्या करार क्रमांक ११९ मध्ये तर, योग्य गार्ड नसलेली धोकादायक मशीन विकायला आणि भाड्यानं द्यायलाही मनाई असावी, असं म्हटलं आहे. जुनं मशीन विकत घेताना गार्ड सोबत आले आहेत का, हे पैसे देण्याआधी तपासा. नंतर ते कधीच येत नाहीत.

पक्का गार्ड हत्याराशिवाय निघता कामा नये. बोल्ट गार्डलाच अडकून राहतील असे लावा. सुटे बोल्ट दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हरवतात आणि चार बोल्टचा गार्ड एका तारेवर लटकू लागतो.

जाळीच्या गार्डमध्ये सगळ्यात मोठी चूक अंतराची होते. जाळीचं भोक जितकं मोठं, तितकी ती धोक्यापासून लांब हवी. आयएसओ १३८५७ प्रमाणे चौकोनी भोक ८ ते १० मिमी असेल तर जाळी हलत्या भागापासून किमान २५ मिमी, १० ते १२ मिमी असेल तर ८० मिमी, आणि १२ ते ३० मिमी असेल तर १२० मिमी लांब हवी. लांबट फट असेल तर हिशेब एकदम बदलतो: २० मिमीपेक्षा रुंद फटीतून पूर्ण हात आत जाऊ शकतो असं धरून ८५० मिमी अंतर सांगितलं आहे. टेप घेऊन स्वतःच्या प्लांटमधले गार्ड मोजा. पट्ट्याला टेकून बसवलेल्या, मोठ्या भोकांच्या जाळ्या सापडतील.

बेंच ग्राइंडरबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ते सगळ्यांचं असतं आणि त्याची जबाबदारी कुणाचीच नसते. चाक आणि टूल रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) यांच्यातली फट ३ मिमीपेक्षा जास्त नको, आणि वरची जीभ (गार्डच्या वरच्या टोकाची सरकती पट्टी) चाकापासून ६ मिमीच्या आत हवी. चाक झिजत जातं तशी फट वाढते, जॉब त्यात ओढला जातो आणि चाक फुटतं. म्हणून रेस्ट वारंवार पुढं घ्यावा लागतो, अर्थात मशीन थांबवून. नवीन चाक बसवण्याआधी लाकडी मुठीनं हलकेच ठोकून पाहा: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा आहे, चाक बाद करा. चाकावर लिहिलेला कमाल वेग मोटरच्या वेगापेक्षा जास्त असल्याची खात्री करा, आणि पहिल्यांदा सुरू करताना बाजूला उभे राहून ते मिनिटभर मोकळं फिरू द्या.

चौथी पायरी: इंटरलॉक, लाइट कर्टन, दोन हातांची बटणं

गार्ड रोज अनेकदा उघडावा लागतो तिथं इंटरलॉक हवा: दार उघडलं की मशीन थांबेल आणि दार बंद केल्यावर ते आपोआप सुरू होणार नाही. बंद केल्यावरही काही सेकंद फिरत राहणारं मशीन असेल तर फिरणं थांबेपर्यंत दाराला कुलूप राहील असा प्रकार घ्या.

लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, तो हातानं तुटला की मशीन थांबतं) लावला म्हणजे झालं, असं समजणं धोक्याचं आहे. तो कुठं बसवला आहे, यावर सगळं ठरतं. आयएसओ १३८५५ च्या हिशेबात हात सेकंदाला २००० मिमी वेगानं पुढं येतो असं धरतात. कर्टननं हात ओळखल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत ०.२० सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ४०० मिमी आत आलेला असतो. १४ मिमी जाडीपर्यंतची वस्तू ओळखणारा बारीक कर्टनसुद्धा मग किमान ४०० मिमी अलीकडे हवा. त्यापेक्षा विरळ कर्टनला आणखी अंतर वाढवावं लागतं. आता ब्रेक झिजला आणि थांबायचा वेळ ०.२५ सेकंद झाला, तर हवं असलेलं अंतर ५०० मिमी होतं. कर्टन मात्र जुन्याच जागी असतो, त्याचा हिरवा दिवाही लागलेला असतो, आणि हात पोचतो तेव्हा रॅम अजून खाली येत असतो. यावर उपाय एकच: थांबायचा वेळ ठरावीक काळानं उपकरणानं मोजायचा आणि तो आकडा मशीनवर लिहून ठेवायचा. कर्टनच्या वरून, खालून किंवा बाजूनं हात जातो का, कर्टन आणि मशीनच्या मध्ये माणूस उभा राहू शकतो का, हेही पाहा. रिसेटचं बटण बाहेर हवं: तिथून आतली सगळी जागा दिसली पाहिजे, आणि आतून त्यापर्यंत हात पोचता कामा नये.

जुन्या पॉवर प्रेसचा क्लच एकदा धरला की पूर्ण फेरा मारूनच सुटतो. अशा प्रेसवर लाइट कर्टनचा उपयोग शून्य, कारण मधेच थांबण्याची सोयच त्यात नाही. तिथं डायभोवती बोट जाणार नाही असा बंद गार्ड हाच मार्ग. पेडल असेल तर त्याला वरून आणि बाजूंनी झाकण लावा. पडलेला जॉब पेडलवर आदळून स्ट्रोक (रॅमचा एक फेरा) आल्याचे अपघात नवीन नाहीत.

दोन हातांच्या बटणांमध्ये तीन गोष्टी तपासा. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच स्ट्रोक यावा. एक बटण सोडलं की रॅम थांबावा. दोन्ही सोडून पुन्हा दाबल्याशिवाय पुढचा स्ट्रोक येऊ नये. एक बटण टेप लावून दाबून ठेवा आणि दुसरं दाबून पाहा: स्ट्रोक आला तर ते मशीन त्याच क्षणी बंद. ही बटणं दाबणाऱ्याचेच हात वाचवतात, शेजारी उभ्या हेल्परचे नाही, हेही ध्यानात असू द्या.

इमर्जन्सी बटण लाल, पार्श्वभूमी पिवळी, हात सहज पोचेल अशा जागी, आणि ते ओढून किंवा फिरवून मोकळं केल्यावर मशीन सुरू होता कामा नये. पण ते अपघात सुरू झाल्यानंतरचं साधन आहे, गार्डची जागा ते घेऊ शकत नाही. आणि ते दाबून आत काम करणं तर मुळीच नको, कारण त्यानं मुख्य वीजपुरवठा तुटतोच असं नाही.

बायपास केलेला इंटरलॉक सापडला, म्हणजे चुंबक चिकटवलेला सेन्सर, स्विचमध्ये कायमची खोचलेली सुटी चावी, पॅनलमध्ये टाकलेला जंपर (स्विच टाळून परस्पर जोडलेली तार), की तो लगेच काढायचा आणि मशीन थांबवायचं. त्यानंतर ज्यानं केला त्याच्याशी बसून बोलायचं: दार उघडं ठेवून नेमकं काय करायचं होतं? बहुतेकदा कळतं की आत दिसत नव्हतं, किंवा दर वेळी दार उघडल्यावर मशीन शून्यापासून सुरू करावं लागत होतं आणि टार्गेट हुकत होतं. पारदर्शक खिडकी, आत दिवा, प्रोग्राममध्ये छोटा बदल, एवढ्यानं बायपासची गरजच संपते. फक्त शिक्षा केली तर पुढचा बायपास जास्त हुशारीनं लपवलेला असेल.

पाचवी पायरी: आत जाण्याआधी ऊर्जा तोडा आणि कुलूप लावा

दुरुस्ती, सफाई, डाय बदल: अंग आत जाणार असेल तर मशीन "बंद" असणं पुरेसं नाही. ते दुसऱ्या कुणाला सुरू करता येऊ नये, आणि साठलेल्या ऊर्जेनं स्वतःहून हलूही नये. लॉकआउट-टॅगआउट म्हणतात ते हेच. क्रम असा ठेवा:

१. या मशीनला कुठून काय येतं, ते आधी लिहा: वीज, हवा, हायड्रॉलिक, वाफ, गुरुत्व, स्प्रिंग. शेजारच्या पॅनलवरून येणारा कंट्रोलचा पुरवठा आणि पुढच्या कन्व्हेअरशी जोडलेली ड्राइव्ह हमखास सुटतात. प्रत्येक आयसोलेटरला (वीज तोडणारा मुख्य स्विच) आणि व्हॉल्व्हला क्रमांक द्या आणि फोटोसह एक पान मशीनवरच लावा.

२. त्या मशीनवर काम करणाऱ्या सगळ्यांना सांगा. मग नेहमीच्या पद्धतीनं मशीन थांबवा.

३. प्रत्येक आयसोलेटर बंद करा, हवा आणि तेलाचे व्हॉल्व्ह बंद करा.

४. आत जाणारा प्रत्येक माणूस स्वतःचं कुलूप लावतो. एक माणूस, एक कुलूप, एक चावी, आणि चावी त्याच्याच खिशात. सुपरवायझरनं सगळ्यांच्या वतीनं एकच कुलूप लावणं चालणार नाही. माणसं जास्त असतील तर आयसोलेटरच्या कुलपाची चावी एका पेटीत ठेवून त्या पेटीला प्रत्येकानं आपलं कुलूप लावायचं. नुसता टॅग माहिती देतो, हात अडवत नाही.

५. साठलेली ऊर्जा सोडा. हवेचा दाब बाहेर सोडा. तरीही व्हॉल्व्हमुळे सिलिंडरमध्ये हवा अडकून राहू शकते. अॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) रिकामा करा. वर असलेला रॅम किंवा उभा अक्ष खाली आणा, नाहीतर त्याखाली सेफ्टी ब्लॉक द्या. मोटरच्या ब्रेकवर भरवसा ठेवून कुणी खाली जायचं नाही. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. ड्राइव्हमधल्या कपॅसिटरसाठी लेबलवर दिलेला वेळ थांबा.

६. खात्री करा. मीटर आधी चालू पुरवठ्यावर तपासा, मग बंद जागी मोजा, मग पुन्हा चालू पुरवठ्यावर तपासा, म्हणजे मीटरच बिघडलेला नाही हे कळतं. त्यानंतर स्टार्ट बटण दाबून पाहा, आणि ते पुन्हा बंद स्थितीत आणा.

यादीतल्या या सहाव्या मुद्द्याला सगळ्यात जास्त फाटा दिला जातो, आणि माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोलाचा आहे. चुकीच्या आयसोलेटरला लावलेलं कुलूप इथंच उघडकीला येतं.

काम संपल्यावर हत्यारं मोजा, गार्ड परत लावा, माणसं मोजा, मगच कुलपं निघतील. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. शिफ्ट बदलताना येणाऱ्यानं आधी आपलं कुलूप लावायचं, मग जाणाऱ्यानं आपलं काढायचं. कुणी कुलूप लावून घरी गेला तर तो प्लांटमध्ये नाही याची खात्री करून, त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न करून, मशीन तपासून आणि लेखी परवानगीनंच कुलूप कापायचं, आणि तो कामावर परतल्यावर मशीनला हात लावण्याआधी त्याला सांगायचं.

सहावी पायरी: मशीन चालू ठेवूनच करावी लागणारी कामं

सेटिंग, पट्टा मध्यावर आणणं, रोबोटला टीचिंग (हालचाली शिकवणं): इथं वीज लागते, त्यामुळे कुलूप चालत नाही. मग वेग कमी, बटण दाबून धरलं तेवढंच चालणारं जॉग, आणि नियंत्रण आत असलेल्या माणसाच्याच हातात. रोबोटच्या हातानं चालवण्याच्या पद्धतीत वेग सेकंदाला २५० मिमीपर्यंत मर्यादित असतो, आणि पेंडंटवरचा (रोबोट चालवायचा हातातला कंट्रोल) स्विच तीन स्थितींचा असतो: मध्यावर धरला तर रोबोट हलतो, सोडला तरी थांबतो आणि घाबरून घट्ट आवळला तरी थांबतो. हा स्विच टेपनं बांधलेला दिसला तर ते काम तिथंच थांबवा.

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी एकट्यानं मशीनवर उभं करू नका. आधी त्याला मशीन थांबवायला शिकवा, चालवायला नंतर. आणि "हे धोक्याचं वाटतं, मी हात घालणार नाही" असं म्हणणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या करार क्रमांक १५५ मध्ये, जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं वाटण्याला सबळ कारण असेल तर कामापासून दूर झालेल्या कामगाराला संरक्षण सांगितलं आहे.

अपघात झालाच तर

प्रत्येक मशीनसाठी एक प्रश्न आजच सोडवून ठेवा: यात हात अडकला तर तो कसा काढायचा? रोल हातानं सैल कसे होतात, फ्लायव्हील कोणत्या दांड्यानं फिरवायचं, ते कुणाला येतं, तो माणूस रात्री असतो का? घाईत मशीन उलटं फिरवल्यानं जखम वाढू शकते. आधी वीज तोडा, हलणारा भाग टेकू देऊन धरा, मग ठरलेल्या पद्धतीनं सोडवा.

रक्त जोरात वाहत असेल तर स्वच्छ कापडानं थेट दाब द्या. हाता-पायातून वाहणारं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांधा सोडून, टूर्निके (रक्त थांबवणारा घट्ट पट्टा) बांधा आणि बांधल्याची वेळ लिहा. रुतलेली वस्तू उपसू नका. सुजण्याआधी अंगठ्या काढा.

तुटलेलं बोट शोधा आणि ते जखमीबरोबरच रुग्णालयात जाऊ द्या. घाण असेल तर स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती घट्ट बंद करा, आणि ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवलं तर पेशी खराब होतात आणि ते पुन्हा जोडण्याची शक्यता घटते.

एक जखम फसवी असते. हायड्रॉलिक नळीच्या बारीक छिद्रातून उच्च दाबाचं तेल त्वचेत घुसलं तर बाहेर सुईच्या टोकाएवढा डाग दिसतो आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र तेल बोटभर पसरलेलं असतं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. मलमपट्टी करून अशा माणसाला कामावर परत पाठवू नका. "उच्च दाबाचं तेल आत गेलं आहे" हे शब्द डॉक्टरांना सांगा. गळती शोधायला हात कधीही फिरवायचा नाही, दाब काढूनच तपासायचं, आणि दाब ठेवणं भागच असेल तर लांबून पुठ्ठा धरायचा.

जखमी माणूस रुग्णालयात पोचेपर्यंत मशीनला हात लावू नका, सेटिंग बदलू नका. स्विचची स्थिती, गार्ड, पॅनल, जॉब यांचे फोटो काढा. चौकशीचा पहिला कागद "कोण चुकलं" इथून सुरू होऊ देऊ नका. हात आत का गेला, तेव्हा मशीन चालू कसं राहिलं, आणि अशीच परिस्थिती याआधी किती वेळा आली होती, हे ऑपरेटरच्या सहकाऱ्यांकडून ऐका. त्याच दिवशी तशीच इतर सगळी मशीन तपासा, आणि जिथं तोच दोष सापडेल तिथलं आयसोलेटर बंद करून कुलूप लावा.